मागितलं लिओं, मिळालं ल पुई : भाषा सहायक म्हणून फ्रान्सला निघताना

खिडकीतली_शेवंती | २ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पुण्याहून लिहितेय. फ्रान्सच्या सरकारी शाळांत इंग्रजीची भाषा सहायक (तिकडे 'आसिस्तां' म्हणतात) म्हणून माझी निवड झाली आहे. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आठवड्याला १२ तास. अर्जात मी लिओं पहिलं लिहिलं होतं, मिळाली क्लेरमों-फेराँ अकादमी (अकादमी म्हणजे तिकडचा शिक्षण विभाग). म्हटलं ठीक, तेही शहरच आहे. आज शाळांची नावं आली. एक लिसे (उच्च माध्यमिक शाळा), एक कोलेज (त्याआधीची माध्यमिक शाळा), आणि गाव ल पुई-आं-वले. नकाशा बोटांनी ताणत ताणत शोधलं. लोकसंख्या १९ हजारांच्या आसपास. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर याहून जास्त माणसं असतात. बाबांनी विचारलं, "बारामतीएवढं तरी आहे का?" नाही बाबा, नाही.

तर प्रश्न असे. घर इथूनच ठरवून जावं का? पगारात भागतं का? मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), काय खाऊ? टिकली लावते, शाळेत चालेल का? आणि खरा प्रश्न, नकार कळवून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा का? आईला हा शेवटचा प्रश्न दाखवलेला नाही.

पोपटराव | ३ जुलै, सकाळी ७:१५

लिओं मागितलं आणि ल पुई दिलं. सरकारने निदान आद्याक्षर तरी सांभाळलं. अभिनंदन!

डोंगरवाट | ३ जुलै, रात्री १०:०५

शेवंती, तुझा धागा बघून चहा बाजूला ठेवला. २०१७-१८ मध्ये मी याच गावात होतो. तुझ्यासारखंच तोंड पाडून गेलो होतो. नाकारू नकोस. का ते लिहितो, जरा लांबेल.

आधी गाव. सुमारे ६३० मीटर उंचीवर, जुन्या ज्वालामुखींच्या मुलखात. खोलगट वाटी आहे आणि त्या वाटीतून दोन सुळके वर आलेत. एकावर दहाव्या शतकातलं सेंट मायकेलचं चॅपेल, २६८ पायऱ्या. दुसऱ्यावर मेरीचा तांबूस रंगाचा अवाढव्य पुतळा. क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलला ताब्यात घेतलेल्या २१३ तोफा वितळवून तो ओतला, १८६० साली. आत शिरून वर चढता येतं. दिसायला सुंदर वगैरे नाही, पण घर चुकलं की वर बघायचं आणि तिच्या पाठीवरून दिशा ठरवायची. सात महिने माझं होकायंत्र तीच होती.

आता कामाचं. घर पुण्यातून ठरवू नकोस. न बघता अनामत भरलेली एक सहायक माझ्याच वर्षी रडत आली होती. जाहिरातीतलं घर प्रत्यक्षात नव्हतंच. त्यापेक्षा आत्ताच शाळेला मेल टाक. पत्रात तुझ्या 'प्रोफेसर रेफेराँ'चं, म्हणजे तुझ्याकडे बघणाऱ्या शिक्षकाचं नाव असेल, नसेल तर शाळेच्या कचेरीला लिही. दोनच वाक्यं: मी अमुक तारखेला येतेय, शाळेत किंवा ओळखीत राहायची सोय होईल का? पुष्कळ लिसेंमध्ये वसतिगृह असतं, कर्मचाऱ्यांच्या खोल्या असतात, एखादी रिकामी निघते. मला शाळेत मिळाली नाही, पण गणिताच्या मास्तरांच्या मावशीचा वरचा मजला मिळाला. ३२० युरो, हीटिंग वेगळं. ते 'वेगळं' काय असतं ते जानेवारीत कळलं.

पैसे. हातात ८०० युरोंच्या जरा आत पडायचे. पॅरिसमध्ये एवढ्यात नुसती खोली. ल पुईत भाडं, खाणं, महिन्यातून एकदा लिओं, एवढं करून थोडे उरायचे. पण पहिला पगार ऑक्टोबरच्या शेवटी, तोवर घरमालकाची अनामत, घराचा विमा (भाडेकरूला सक्तीचा), आणि प्रवास हे सगळं खिशातून. दीड-दोन महिन्यांचं बरोबर ने. पहिल्या दिवशी शाळेत 'प्रोसे-व्हेर्बाल दँस्तालासियों' या कागदावर सही होते. म्हणजे तू हजर झालीस याचा पुरावा. त्याशिवाय पगाराचं चाक फिरत नाही. कचेरीतल्या बाई विसरल्या तर तू विसरू नकोस.

बँकेचा चक्रव्यूह सगळ्यांना ठाऊक आहे. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा, घर घ्यायला खातं. मार्ग एकच. घरमालकाकडून 'मी हिला घरात ठेवलं आहे' असं सहीचं पत्र, त्याच्या ओळखपत्राची आणि वीजबिलाची प्रत. हे तीन कागद घेऊन जा आणि आधी वेळ ठरवून जा. तिथे बँकेत नुसतं शिरून काम होत नाही.

आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. पोहोचल्याच्या दिवशी पत्रपेटीवर स्वतःचं नाव चिकटव. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. हे मी दोनदा सांगतोय असं समज.

वर्गाचं उद्या लिहितो, मुलगी झोपायला बोलावतेय.

अबोली२ | ४ जुलै, दुपारी १:२०

डोंगरवाट, मस्त. दोन दुरुस्त्या, कारण मी अलीकडे गेले होते (लिमोज अकादमी). तुमच्या काळी व्हिसाची नोंदणी ओफीकडे (परदेशी लोकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) कागद पोस्टाने पाठवून, मग छातीचा एक्स-रे काढून व्हायची. २०१९ पासून ती ऑनलाइन झाली आहे. पोहोचल्यापासून तीन महिन्यांत करायची, शुल्काचं तिकीट इंटरनेटवरच विकत मिळतं. कार्यक्रम चालवणारी सेव्रची संस्था सीआयईपी होती, तिचं नाव आता 'फ्राँस एद्युकासियों इंतेरनासियोनाल' आहे. जुने ब्लॉग वाचून कोणी गोंधळू नये म्हणून.

शेवंती, जन्मदाखला आत्ताच काढ. मुंबई-पुण्याचा मराठी-इंग्रजी दाखला, त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), आणि फ्रान्समधल्या शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर. आरोग्य विम्याचा कायमचा नंबर आणि घरभाड्याची सरकारी मदत (काफ) दोन्हीकडे तो मागतात. माझ्या दाखल्यावर फक्त 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव होतं! त्या एका कागदाने माझा डिसेंबर खाल्ला. घरमालकाने जामीनदार मागितला तर 'व्हिझाल' नावाची मोफत हमी आहे, तिशीपर्यंतच्यांना मिळते. रेल्वेचं २७ वर्षांपर्यंतचं सवलत कार्ड ४९ युरोंना, तिकिटात ३० टक्के सूट. दोन फेऱ्यांत वसूल.

टोपणनाव_सुचेना | ४ जुलै, रात्री ९:३०

मी विरजण घालतो. मीही सहायक होतो, नान्सी-मेस अकादमीतल्या एका गावात. नाव सांगत नाही, गावाची चूक नाही. पण छोटं गाव म्हटलं की सगळे चीज, पाव आणि टेकडीवरचं चर्च यांच्या गोष्टी सांगतात. कोणी हे सांगत नाही की शुक्रवारी पाच वाजता शाळेतले निम्मे शिक्षक गाड्या काढून मोठ्या शहरातल्या आपल्या घरी जातात आणि सोमवारी सकाळपर्यंत तुमच्याशी बोलणारा माणूस म्हणजे सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची बाई. ती पण 'बोंजूर, कार्ड?' एवढंच. रविवारी सगळं बंद. नोव्हेंबरात पाच-सव्वापाचला अंधार. बारा तासांचं काम म्हणजे आठवड्यात उरलेला सगळा वेळ तुमचा, आणि तो वेळ अंगावर येतो. माझे तास मंगळवार ते गुरुवार बसवले होते. चार दिवस रिकामे. पहिल्या महिन्यात प्रवास केला, मग पैसे संपले, मग छताकडे बघत पडून राहिलो. फेब्रुवारीत परत आलो. त्याचा पश्चात्ताप नाही.

नाकार असं म्हणत नाही. पण डोळे उघडे ठेवून जा.

डोंगरवाट | ४ जुलै, रात्री ११:१५

सुचेना, तुझं म्हणणं मी खोडत नाही. माझाही नोव्हेंबर असाच गेला. ल पुईच्या पठारावर थंडीत 'बुर्ल' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. बर्फ पडून गेलेलं असतं, ते तो उचलून पुन्हा रस्त्यावर आणून टाकतो. त्या वाऱ्यात शाळेतून घरी आलो आणि जिना चढताना लक्षात आलं की सकाळपासून मी मराठी सोडा, फ्रेंचचंही एक पूर्ण वाक्य बोललेलो नाही.

मला वाचवलं ते शनिवारच्या बाजाराने. प्लास द्यु प्लो म्हणून छोटा चौक आहे, तिथे आणि वरच्या क्लोझेल चौकात शनिवारी सकाळी बाजार भरतो. मी ठरवलं, काही घ्यायचं असो-नसो, दहा वाजता तिथे जायचं. त्याच मसूरवाल्याकडे, त्याच मधवाल्या बाईंकडे. तीन आठवडे काही घडलं नाही. चौथ्या शनिवारी तापामुळे गेलो नाही. पाचव्या वेळी मसूरवाले आजोबा म्हणाले, "गेल्या खेपेला दिसला नाहीस." बस, एवढंच. मग त्यांनी विचारलं की भारतात मसूर कसा शिजवतात, आणि मी फोडणीला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं यावर अडकलो. हातवारे करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे शेवटी गरम तेल ओततोस? आणि डुकराचं मांस अजिबात नाही?" त्यांना ते फार वाईट वाटलं.

तुझ्या गावात असा बाजार होता का, माहीत नाही. नशीबही असतं.

मी_कोल्हापुरी | ५ जुलै, सकाळी ८:००

मसूर?? सविस्तर लिहा की राव.

डोंगरवाट | ५ जुलै, सकाळी ९:४५

ल पुईचा हिरवा मसूर म्हणजे तिथला कोकणचा हापूस समज. बारीक, गडद हिरवा, अंगावर निळसर ठिपके. १९९६ साली त्याला उगमस्थानाचा अधिकृत शिक्का मिळाला, फ्रान्समध्ये कडधान्याला पहिल्यांदाच. ज्वालामुखीची माती आणि उन्हाळ्यातली कोरडी हवा यामुळे साल पातळ राहते म्हणतात. गंमत अशी की तो शिजून गळत नाही, दाणा अखंड राहतो. म्हणून आमटी-वरणाला बेकार. मी पहिल्यांदा आमटी केली तर खाली मसूर, वर पाणी, दोघांची ओळख नाही.

मी_कोल्हापुरी | ५ जुलै, सकाळी १०:१०

आमटी करायला सांगितलं कुणी! दाणा अखंड राहतो म्हणजे तो आमच्या इस्लामपूरच्या अख्ख्या मसूरासाठीच जन्माला आलाय. कांदा-लसूण चटणी घेऊन जा ताई, भरपूर तेल, कांदा काळसर होईपर्यंत परत, शेवटी मसूर. पावाबरोबर खा. फ्रेंच लोक पत्ता विचारत येतील.

अबोली२ | ५ जुलै, सकाळी ११:३०

चटणी, गोडा मसाला, हिंग खुशाल न्या. तूप, पेढे, खवा नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात न्यायला बंदी आहे. कुकर नेत असाल तर स्टीलचा, कारण इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा तापत नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडा. तिथे प्रत्येक घरात धुराचा गजर सक्तीचा आहे आणि त्याला मोहरी आवडत नाही.

शाकाहाराबद्दल: 'व्हेजेतारियेन' म्हटलं की कळतं, पण कोशिंबिरीत 'लार्दों' म्हणजे डुकराचे बारीक तुकडे घातले तर ते मांस आहे असं अनेकांना वाटतच नाही. नुसतं 'मांस नको' म्हणू नका, 'लार्दोंही नको' म्हणा. ल पुईच्या मसुराचा घरोघरचा प्रकारच खारवलेल्या डुकराबरोबरचा आहे, तेव्हा हॉटेलात 'मसूर' वाचून आनंदू नका. शाळेच्या कांतीनमध्ये (जेवणघरात) कायद्याने आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण असतं. बाकी दिवस सुरुवातीचं सॅलड, चीज, फळ, पाव, आणि ताटातलं बटाट्याचं जे काही असेल ते. कांतीन सोडू नका मात्र. शिक्षक तिथेच माणसासारखे बोलतात. शिक्षक-खोलीत सगळे फोटोकॉपीच्या रांगेत असतात.

खिडकीतली_शेवंती | ५ जुलै, रात्री ८:२०

एवढं सगळं! सुचेना, तुमचं वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं लिहिलंत. शाळेला मेल केला. उत्तर नाही, जुलैत सगळे सुट्टीवर असतील.

टिकलीचं कोणी सांगेल का?

चिमणचारा | ६ जुलै, दुपारी ३:००

मी सांगते, माझ्यावर ही वेळ आली होती (दिजों अकादमी). १५ मार्च २००४ चा कायदा विद्यार्थ्यांसाठी आहे. ठळक धार्मिक चिन्हं सरकारी शाळेत घालायची नाहीत. कर्मचाऱ्यांवर धार्मिक तटस्थतेचं बंधन त्याहून कडक आणि जुनं, आणि सात महिने का होईना, तू तिथे सरकारी कर्मचारी असतेस. आता टिकली धर्म की शृंगार, यावर आपल्याकडेच एकमत नाही तर त्यांचं काय होणार. मी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "हा दागिना आहे की श्रद्धा?" मी म्हटलं, "आई म्हणते सवय." त्या हसल्या, पण उत्तर दिलं नाही. मी शाळेत लावायची सोडली, बाहेर लावायची. दुसरी कोणी लावत राहिली असेल तर तिला चूक म्हणणार नाही. विचारून घे, अंदाज नको.

डोंगरवाट | ६ जुलै, रात्री १०:३०

वर्गाचं राहिलं होतं.

तू एकटी पूर्ण वर्ग शिकवायला नसतेस. शिक्षक अर्धा वर्ग तुझ्याबरोबर दुसऱ्या खोलीत पाठवतात, दहा-बारा पोरं, त्यांना बोलतं करायचं. आणि ती बोलत नाहीत. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. चुकलं तर हसं होईल म्हणून. तिथे गुण २० पैकी असतात आणि १५ मिळाले की पोरगं हुशार. चूक मोजण्यातच त्यांचं बालपण जातं. पहिल्या तासाला मी ताजमहाल-योग-मसाले असं चकचकीत सादरीकरण नेलं. माना डुलल्या, कोणी बोललं नाही. एकाने विचारलं, "तुम्हाला इंग्रजी कुठे शिकवलं?" तुझ्या उच्चारांवरही शंका घेतली जाईल, कदाचित एखाद्या शिक्षकाकडूनही. मनाला लावून घेऊ नकोस.

तिसऱ्या आठवड्यात मुंबई लोकलचा नकाशा छापून नेला. तीन-तीनचे गट. काम एकच: अंधेरीहून ठाण्याला जायचंय, गर्दीची वेळ, कुठे बदलाल, कोणत्या डब्यात चढाल, मला पटवून द्या. मग डब्यांचे फोटो दाखवले. शेवटच्या बाकावरची, तोवर एक शब्द न काढलेली मुलगी एकदम ओरडली, "बट व्हाय दे डोंट क्लोज द डोअर?" वाक्य मोडकं होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता. पुढची वीस मिनिटं मला काही करावं लागलं नाही. त्यांच्या गावातून सेंत-एतियेनला जाणारी गाडी ल्वार नदीच्या घळीतून दिवसाला मोजक्या फेऱ्या करते, आणि इथे तीन मिनिटांना एक! तर असं काहीतरी ने. तिकिटं, पंचांग, लग्नपत्रिका, बेस्टचा पास. ताजमहाल त्यांनी पाहिलाय.

एक जाता जाता. विचारवंत सिमोन वेल १९३१-३२ मध्ये ल पुईच्या मुलींच्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवायच्या. बेकार मजुरांच्या मोर्चात उभ्या राहिल्या म्हणून गावात गदारोळ झाला होता. त्यांच्या नावाचं लिसे आता गावात आहे. तेव्हा बाहेरून आलेल्या मास्तरणीची गावाला सवय आहे.

पोपटराव | ७ जुलै, सकाळी ७:०५

तिथून म्हणे स्पेनच्या सांतियागोपर्यंत पायी यात्रा निघते? म्हणजे ल पुई ही आळंदी झाली की.

डोंगरवाट | ७ जुलै, सकाळी ८:५०

हो, दीड हजार किलोमीटरच्या वर. सकाळी सातला कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, मग ते तिथल्या उंच पायऱ्यांवरून थेट रस्त्याला लागतात. एप्रिलमध्ये रोज पाठपिशव्या दिसायला लागल्या की थंडी संपली म्हणायचं. पण आळंदी नाही पोपटराव. टाळ नाही, दिंडी नाही, प्रत्येक जण एकटा चालतो. मी एका रविवारी त्यांच्यामागे २३ किलोमीटर सें-प्रिव्हा-दाल्येपर्यंत गेलो. बोलायला माणूस मिळेल म्हणून. मिळाला एक, तो मौनात होता.

टोपणनाव_सुचेना | ७ जुलै, सकाळी ९:१०

😂 हे मला समजतं.

खिडकीतली_शेवंती | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५५

धागा वर काढतेय. आले! तीन आठवडे झाले. (ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शाळेचं उत्तर आलं होतं. वसतिगृह भरलंय, पण एका शिक्षिकेच्या ओळखीने जुन्या गावात एक खोली मिळाली, चौथा मजला, लिफ्ट नाही, खिडकीतून पुतळ्याची पाठ दिसते.)

तास सोमवार ते शुक्रवार विखरून मागून घेतले. सुचेना, हे तुमच्यामुळे. वेळापत्रक करणाऱ्या बाई चकित झाल्या, सगळे सहायक उलटं मागतात. बुधवारी दुपारी मात्र सुट्टी. दुकानात शिरताना 'बोंजूर' म्हणायला पहिल्या दिवशी विसरले आणि औषधवाल्या काकांनी माझा प्रश्न पूर्ण ऐकून घेऊन, शांतपणे, "बोंजूर, मादम्वाझेल" म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. अख्खा मसूर झाला, गजरही झाला. टिकलीला मुख्याध्यापक 'बघू' म्हणालेत, तोवर पर्समध्ये आहे. शनिवारी दहाला प्लोला जाते. अजून कोणी ओळखत नाही. रात्री आठनंतर गल्लीत स्वतःच्या चपलांचा आवाज येतो, तो आवडत नाही. कालपासून दोन आठवड्यांची सुट्टी लागली आणि खिशात ११० युरो आहेत, म्हणून इथेच आहे.

आणि डोंगरवाट, पत्रपेटी. तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. मी तरी विसरले. बँकेचं कार्ड आलं आणि परत गेलं. बँकेत जाऊन पुन्हा मागवलं. तळमजल्यावरच्या आजींना हे कळलं तेव्हा त्या काही न बोलता आत गेल्या, चष्मा आणि शाईचं पेन घेऊन आल्या आणि एका जाड कागदावर, जुन्या वळणदार अक्षरात माझं आडनाव लिहून त्यांनीच चिकटवलं. त्यातला 'एच' गाळलाय, बहुधा इथे तो कोणी उच्चारत नाही म्हणून, आणि शेवटी एक 'एस' जोडलाय, तोही कोणी उच्चारत नाही. मी काही बोलले नाही. गुरुवारी कार्ड आलं.